चाळीस वेळा ‘नाही’

“फक्त पी काढून द्या, मादाम. गुरुवारी कमिटी आहे,” डॉ. शहीराने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच घड्याळात पाहिलं.

मादाम इन्शिराहनी पेनड्राइव्हकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्चीवरचा फायलींचा गठ्ठा उचलून त्यांनी जमिनीवर ठेवला.

“बस गं आधी, दोक्तोरा. चहा घे. साखर किती?”

“वेळ नाहीये हो.”

“म्हणूनच म्हणते, बस.”

आमची खोली इस्पितळाच्या जुन्या इमारतीत, एक्स-रे विभागाच्या मागे होती. दारावर ‘संख्याशास्त्रीय सल्ला’ अशी पाटी होती आणि तरीही दिवसाला चार माणसं आम्हाला मुतारी कुठे आहे ते विचारायची. मी तिथे लागून दोन महिने झाले होते. विद्यापीठात गणितात पहिला आलेलो, सूत्रं तोंडपाठ, आणि डॉक्टर विचारतील त्याचं झटपट उत्तर देणं म्हणजेच सल्ला, अशी पक्की समजूत. डॉक्टर नेहमी पी मागायचे. भाजी घेतल्यावर फुकटची कोथिंबीर मागावी, तशी मागायचे. पी हा एक आकडा असतो. समोर दिसणारा फरक निव्वळ योगायोगानेही पडला असता का, याचा अंदाज तो देतो. तो लहान आला की डॉक्टरांचा लेख छापून येतो, मोठा आला की डॉक्टर महिनाभर आमच्याशी बोलत नाहीत. मी दोन मिनिटांत पी काढून द्यायचो. मादामना त्यालाच दोन आठवडे लागायचे. बाईंचं वय झालं, असं मला तेव्हा वाटायचं.

चहा आला तशी शहीरा बसली आणि बोलू लागली. ती डायलिसिसच्या विभागात होती. मूत्रपिंडं निकामी झालेली चाळीस माणसं तिथे आठवड्यातून तीनदा येत, चार-चार तास यंत्राला जोडून घेत. रक्त धुऊन निघायचं, पण ते धुता धुता कित्येकांचा रक्तदाब धाडकन कोसळायचा. डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्यांत गोळे, ओकाऱ्या. मग पाय वर करून निजवायचं आणि घरी नेताना दोघांनी उचलायचं. यंत्रातलं पाणी अंशभर थंड ठेवलं तर हे कमी होतं, असं शहीराने वाचलं होतं. खर्च काहीच नाही, नुसतं बटण फिरवायचं. तिने चार आठवडे नेहमीचं पाणी ठेवलं आणि पुढचे चार आठवडे थंड. नेहमीच्या पाण्यावर रक्तदाब अडतीस वेळा कोसळला. थंड पाण्यावर एकोणपन्नास वेळा.

“उलटंच झालं,” ती म्हणाली. “विभागप्रमुख बहगतसाहेब गुरुवारी हे बंदच करणार आहेत. खरं सांगू? मला पी मोठी यायला हवीय. म्हणजे फरक योगायोगाचा आहे, असं तरी म्हणता येईल. मादाम, मी रोज बघते हो. बरी होत होती माणसं. काल उम्म रगबचे डोळे पांढरे झाले आणि मी तिच्याकडे नुसती बघत उभी. आता पुन्हा सगळं गरम पाण्यावर.”

मी तेवढ्यात फाइल उघडलीच होती. मादामनी हात पुढे करून माझ्या लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

“तारखा कुठे आहेत?”

“महिन्याची बेरीज घेतलीय ना. तारखांचं काय काम?”

“आणि हा रकाना कसला?”

“पथ्याचा. खारट खाल्लं का, म्हणून दर वेळी विचारलंय.”

चाळीस ओळी, आठ आठवडे, आणि वरपासून खालपर्यंत ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. मला तो रकाना फार आवडला होता. इतका स्वच्छ रकाना क्वचित बघायला मिळतो.

मादाम चष्मा कपाळावर सरकवून हसल्या. “चाळीस माणसं दोन महिने एकच उत्तर देतात? आपल्याकडे? आज वार कोणता म्हणून चाळीस जणांना विचार, दोघं तरी हमरीतुमरीवर येतील. हा रकाना नाही दोक्तोरा, ही सभ्यता आहे. डॉक्टरीणबाईंचं मन कोण मोडणार?”

दुपारी मी डायलिसिसच्या नर्स मिस कवसरची नोंदवही मागून आणली आणि तारीखवार आकडे उतरवले. थंड पाण्याचे चार आठवडे होते पाच, सहा, बत्तीस आणि सहा. त्या बत्तीसच्या आठवड्यात वजनंही चढली होती. यंत्राला जोडण्याआधी माणसाचं वजन करतात. एरवी दोन किलो पाणी साठायचं, तिथे साडेचार-पाच साठलं होतं. एवढं पाणी यंत्राने चार तासांत ओढून काढलं की रक्तदाब कोसळतोच. त्या आठवड्यातला सोमवार शम्म अन-नसीमचा होता.

“फिसीख!” मी ओरडलोच.

वसंताच्या त्या सणाला अख्खा देश कालव्याच्या काठी चटया पसरून खारवलेला बोई मासा खातो, पातीच्या कांद्याबरोबर आणि लिंबू पिळून. महिनाभर मिठात मुरलेला तो मासा धडधाकट माणसालाही रात्रभर पाणी पाणी करायला लावतो.

शहीराने मान हलवली. “मी एकेकाला बजावलं होतं. सणानंतर पुन्हा विचारलं. कोणीही खाल्लं नाही. बहगतसाहेब म्हणतात, थंड पाण्यानेच शरीरात पाणी धरून ठेवलं, म्हणून वजनं वाढली.”

मादाम माझ्याकडे वळल्या. “रुश्दी, सकाळी जाऊन विचारून ये.”

मी गेलो. छाप पडावी म्हणून एकाचा पांढरा कोट मागून घेतला होता, हातात पाटी आणि पेन. पहिल्या पलंगावर उम्म रगब होती. जाडजूड, गोरीपान बाई, बाजारात अंडी विकायची. आता तिचा मुलगा रगब दुकान बघायचा.

“फिसीख?” तिने नाकाला पदर लावला. “वासानंच मळमळतं रे बाळा मला. रगबच्या डोक्यावर हात ठेवून सांगते.”

शेजारचा उस्ता फिकरी लेथवर काम करून निवृत्त झालेला. “मी त्या दिवशी दही खाल्लं. बिनमिठाचं. बायकोला विचार.”

भूगोलाचे मास्तर लबीब यांनी तर मला मिठाचे दुष्परिणाम पंधरा मिनिटं समजावून सांगितले. सकाळच्या पाळीत वीस जण होते. वीस ‘नाही’ घेऊन मी विजयी मुद्रेने परत आलो.

मादामनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कोट कुणाचा घातलायस? काढ तो. आणि ती पाटीपण ठेव. चल.”

विभागात त्या कुठल्याच डॉक्टरसारख्या शिरल्या नाहीत. उम्म रगबच्या पलंगाशी स्टूल ओढलं, चपला काढून पाय मोकळे केले आणि मोठा उसासा टाकला.

“काय सांगू हाज्जा, या वर्षी फसले बाई मी. पुलाजवळच्या त्या शाहीनकडून फिसीख घेतलं. मीठच मीठ. माशाचा पत्ता नाही.”

उम्म रगबने डोळे उघडले. “शाहीनकडून? तुम्हाला कुणी सांगितलं होतं शाहीनकडं जायला?”

“आता काय करणार, जवळ पडतो.”

“जवळ पडतो म्हणून काय विष आणाल? अहो, गिरणीमागं इदरीसकडं जायचं. लोणी हो, लोणी! जिभेवर ठेवलं की—” आणि ती गप्प झाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हणजे रगब सांगत होता.”

पण उशीर झाला होता. पलीकडून उस्ता फिकरी यंत्राच्या नळ्यांसकट उसळला. “इदरीस? त्याचं फिसीख म्हणजे रबर! या वेळी माझा मेव्हणा घेऊन आला होता तिकडून. दोन खाल्ली, दोन्ही टाकाऊ.”

“दोन खाल्ली आणि मग टाकाऊ?” लबीब मास्तर खेकसले. “एकावर कळलं नाही? आमच्याकडे घरी मुरवतात. आईच्या वेळेपासून. मी चाखायला म्हणून एक घेतो फक्त.”

“एक? मास्तर, तुमची सून म्हणत होती अर्धी बरणी!”

वीस पलंगांवर बाजार भरला. कोणाचं फिसीख चांगलं, कोणी किती खाल्लं, कोण त्यानंतर रात्री नळाखाली तोंड धरून बसलं. मिस कवसर दारात तोंडावर हात धरून उभी होती. मी खिशात हात घालून बोटं मोजत होतो आणि बोटं संपली. मादाम मध्येच “हो का?” म्हणायच्या, नाहीतर काहीच बोलायच्या नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आठ वर्षं विद्यापीठात काढली, पण गप्प कसं बसायचं ते कोणी शिकवलं नव्हतं.

निघताना त्या उम्म रगबच्या कानाशी वाकल्या. “हाज्जा, कुणी खाल्लं ते मी लिहिणार नाही. किती जणांनी खाल्लं, तेवढंच लिहीन. चालेल?”

उम्म रगबने थोडा विचार केला. “आणि दोक्तोरा रागावली तर?”

“दोक्तोराला मी बघते.”

दुसऱ्या दिवशी दुसरी पाळी झाली. चाळिसांतून एकतीस.

मी खोलीत शिरलो तो नाचतच. “संपलं मादाम! तो आठवडा काढून टाकू. राहिले तीन आठवडे, पाच, सहा, सहा. आणि नेहमीच्या पाण्यावर नऊ-दहा. कसला देखणा निकाल आहे!”

शहीराचे डोळे चमकले. मादामचे नाहीत.

“हाच आठवडा थंड पाण्याच्या बाजूने गेला असता, तर काढला असतास?”

मी खुर्ची ओढून बसलो.

“ऐक. इथे यायच्या आधी मी शेतकी खात्यात होते. कपाशीच्या बोंडातल्या अळ्या मोजायचं काम. पहिल्या वर्षी एका शेतात भलताच आकडा आला. बाकी कुठेच काही नव्हतं. मला वाटलं, मजुराने चूक केली. मी तो आकडा गाळला. अहवाल कसा छान दिसायला लागला. साहेबांनी पाठ थोपटली.” त्या थांबल्या. “अळी त्याच शेतातून निघाली आणि पाच गावांची कपाशी खाऊन गेली. त्यात माझ्या मामाचं शेत होतं. मामा कधी बोलला नाही मला. मला मात्र त्याच्या घरी जेवण जायचं नाही.”

मादामनी नोंदवही माझ्याकडे सरकवली.

“आकडे बघून मग निवडायचं नाही. आधी निवडायचं, लिहून ठेवायचं, आणि मग बघायचं. मग जे येईल ते आपलं.”

“पण मी गुरुवारी काय सांगू?” शहीरा रडवेली झाली होती.

“खरं तेच. आपल्याला अजून माहीत नाही, हे. आणि कळायचं असेल तर काय करावं लागेल, ते.”

गुरुवारी कमिटीत सात जण होते. मधोमध डॉ. बहगत, करड्या सुटात. मादाम बाजारात जातात त्याच करड्या कोटात गेल्या. मी मागच्या खुर्चीवर.

“थंड पाण्याने शरीरात पाणी धरलं, वजनं वाढली, रक्तदाब कोसळला,” डॉ. बहगत म्हणाले. “विषय संपला.”

“तसं असेल दोक्तोर, तर थंड पाण्याच्या इतर तीन आठवड्यांतही वजनं वाढायला हवीत,” मादाम म्हणाल्या. “ती वाढलेली नाहीत. वाढली ती फक्त शम्म अन-नसीमच्या आठवड्यात. आणि एकतीस जणांनी त्या आठवड्यात फिसीख खाल्लंय.”

“माझे रुग्ण पथ्य पाळतात. नावं द्या मला त्या एकतीस जणांची.”

“नावं माझ्याकडे नाहीत. मुद्दामच लिहिली नाहीत.”

“मग पुरावा काय? मी सक्त मनाई केली होती.”

मादामनी शांतपणे विचारलं, “दोक्तोर, सणाच्या सोमवारी तुम्ही काय जेवलात?”

“मी? मला स्वतःला रक्तदाब आहे. मी कशाला...”

मादाम बघत राहिल्या. नुसत्या बघत राहिल्या. कोणीतरी खुर्ची सरकवली. डॉ. बहगतनी पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला.

“...थोडंसं,” ते म्हणाले. “बायकोने फारच आग्रह केला.”

आधी टोकाचा म्हातारा सर्जन खोकल्यासारखं हसला, मग सगळी कमिटी. डॉ. बहगतांचे कान लाल झाले. पण शेवटी त्यांच्याही मिशा हलल्या.

हसू ओसरायच्या आत मादामनी कागद पुढे केला. आठ आठवडे. चार थंड, चार नेहमीचे. कोणता आठवडा कसा, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि चिठ्ठ्या डॉ. बहगतनीच काढायच्या. पथ्याबद्दल कोणाला विचारायचं नाही, वजनकाट्याला विचारायचं. आणि काय मोजणार, कसं मोजणार, काहीही झालं तरी एकही आठवडा गाळणार नाही, हे सगळं आजच लिहून पाकिटात बंद. पाकिटावर सही डॉ. बहगतांची.

“आणि तुमचं थंड पाणी हरलं तर?” त्यांनी विचारलं.

“तर बंद करा. मीच येऊन सांगेन.”

शहीरा पांढरीफटक पडली. पण पाकीट बंद झालं आणि डॉ. बहगतनी सगळ्यांसमोर चहाच्या ग्लासातून आठ चिठ्ठ्या काढल्या.

ते आठ आठवडे आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. पाच आठवडे गाडी रुळावर होती. सहावा आठवडा थंड पाण्याचा होता. त्यात उन्हाळ्यामुळे तीनदा वीज गेली, यंत्रं थांबली, पुन्हा सुरू झाली आणि एका आठवड्यात नऊ जण कोसळले. मी धावत खोलीत आलो.

“मादाम, विजेचा दोष आहे! पाण्याचा नाही! हा तर कोणीही काढू देईल.”

“पाकिटात काय लिहिलंय?”

“पण मादाम—”

“रुश्दी, काय लिहिलंय?”

मी नऊचा आकडा लिहिला. इतका जड आकडा मी आयुष्यात लिहिला नव्हता.

शेवटच्या दिवशी डॉ. बहगत स्वतः आमच्या खोलीत आले. पहिल्यांदाच. मादामनी निकाल सांगितला नाही. पाकीट त्यांच्या हातात दिलं, नोंदवही उघडली आणि कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. “तुम्हीच बेरीज करा.”

नेहमीचं पाणी: दहा, अकरा, नऊ, अकरा. एक्केचाळीस.

थंड पाणी: तीन, तीन, नऊ, तीन. अठरा.

त्यांनी पुन्हा बेरीज केली. मग कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून बोटांवर केली. मग पाकिटावरची स्वतःची सही बघितली.

“एका अंशाने?”

“एका अंशाने, दोक्तोर.”

“सगळी यंत्रं,” ते शहीराला म्हणाले. “शनिवारपासून. सगळी.” आणि दारातून परत वळून मादामना म्हणाले, “मादाम, यापुढे माझ्या विभागातलं कोणीही काम सुरू करायच्या आधी इथे येईल. संपल्यावर नाही.”

एकतीस वर्षं त्या खोलीत बसून मादाम हेच एक वाक्य मागत होत्या. त्या “बरं” म्हणाल्या आणि चहाचे ग्लास गोळा करायला लागल्या. शहीराने मात्र मला मिठी मारली, मग ओशाळली, मग मादामना मारली आणि मग भरपूर रडली. मी तर पायऱ्यांवरून शीळ घालत गेलो. दोन मिनिटांत पी काढणाऱ्या माणसाने दोन महिने एका पीची वाट पाहिली होती, आणि ती आली तेव्हा कोणी ती विचारलीसुद्धा नाही. एक्केचाळीस आणि अठरा पुरले.

शनिवारी आम्ही विभागात गेलो. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत वीस माणसं गळ्यापर्यंत ब्लँकेटं ओढून बसली होती.

“ही थंडी कोणी आणली?” उस्ता फिकरी ओरडला. “भर जुलैत दात वाजतात माझे!”

“माझे पाय बर्फ झालेत बर्फ,” उम्म रगब म्हणाली. “देव तुमचं भलं करो मादाम, पण याला काही उपाय?”

मादामनी पर्समधून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. “लिही. थंडी वाजते, किती जणांना, किती वेळ. अहवालात जाईल.”

“कशाला, मादाम? जिंकलोय आपण.”

“म्हणूनच. लिही.”

मी वीस जणांना विचारत फिरलो. या वेळी कोट नव्हता. सतरा जणांनी सांगितलं, हो, वाजते, आणि त्यातल्या चौघांनी मला शिव्याही दिल्या. लबीब मास्तर म्हणाले, थंडी चालेल, पण कोसळणं नको, हेसुद्धा लिही. मी लिहिलं.

पाळी संपली. मिस कवसरने उम्म रगबच्या दंडावर पट्टी बांधली. रगब चाकाची खुर्ची घेऊन आला होता. तिने ती हाताने दूर ढकलली, पलंगाच्या कडेला जरा बसली आणि उठून उभी राहिली. लिफ्ट दोन दिवस बंद होती. ती जिन्याकडे चालू लागली, सावकाश, पण स्वतःच्या पायांनी.

जिन्याच्या तोंडाशी मादाम कठड्याला धरून थांबल्या होत्या. सकाळपासून स्टुलावर बसून त्यांचे गुडघे धरले होते आणि पहिल्या पायरीवर पाय टाकायचा धीर होत नव्हता. उम्म रगबने ते बघितलं. पट्टी नसलेला हात तिने पुढे केला.

“धरा मादाम. घाई नाही. एकेक पायरी.”

मादामनी तिचा हात धरला. दोघी एकेक पायरी उतरू लागल्या. मी आणि रगब दोघींच्या पिशव्या घेऊन मागून उतरत होतो.